ठकीचं बाळंतपण आणि उशाशी घड्याळ

पत्र थोडं कमी करून देते आहे:

"ताई, माझ्या मैत्रिणीच्या यजमानांचं मुंबईला ऑपरेशन आहे. महिना-दीड महिना ती तिकडेच राहणार. तिची कुत्री ठकी माझ्या हवाली करून जाते आहे आणि ठकी गाभण आहे! मिरगाच्या सुमारास लागली होती, म्हणजे नागपंचमीच्या आगेमागे व्यायला हवी. पॉमेरियनची मिश्र, लहानखुरी, पहिलटकरीण. मी गाई-म्हशी व्यालेल्या पाहिल्यात, कुत्री कधी नाही. सासूबाई म्हणतात, 'कुत्रीला कसली गं सुईण? सकाळी उठायचं नि पिल्लं मोजायची.' मला मात्र आतापासूनच झोप नाही. काही कमीजास्त झालं तर मैत्रिणीला तोंड काय दाखवू? तिला पडवीत ठेवू की घरात? पिल्लांना दूध कसलं देऊ? त्यात पुढे गणपती, घरभर चाकरमानी. — एक वाचक, गुहागर तालुका"

तुमच्या सासूबाई बारा आणे बरोबर आहेत. ठकीला कुणी न शिकवता सगळं येतं. उरलेले चार आणे तुमचे. आणि त्यातलंही बरंचसं काम म्हणजे हात मांडीवर ठेवून, घड्याळाकडे बघत गप्प बसणं. कुत्रीच्या बाळंतपणात माणसं चुकतात ती बहुतेक दोनच प्रकारे: उठायचं नसतं तेव्हा उठतात, आणि उठायचं असतं तेव्हा 'बघू सकाळी' म्हणून बसून राहतात. तेव्हा कधी उठायचं, तेच मुख्यतः सांगते.

पण त्याआधी एक काम मैत्रीण घरात असतानाच करा. चहा घेऊन समोरासमोर बसा आणि स्पष्ट विचारा: सिझेरियनची वेळ आली तर करायचं का? खर्च कुठपर्यंत करायचा? आई आणि पिल्लं यांत निवड करावी लागली तर कोण? तिचं उत्तर आपल्या दोघींना माहीतच आहे, पण ते तिच्या तोंडून येऊ द्या. पिल्लं कुणाला द्यायची, एखादं कुणाला कबूल केलंय का, तेही विचारा. नवऱ्याच्या खाटेशी बसलेल्या बाईला रात्री दोन वाजता फोन करून हे विचारायची पाळी येऊ नये. तोंड दाखवायची भीती म्हणता ना, ती इथेच निम्मी होते.

दुसरं, ठकीला आत्ताच डॉक्टरांना दाखवून या. कुत्रीचे दिवस साधारण ६३ धरतात. लागल्याच्या तारखेपासून मोजलं तर ५८ ते ६८ यांत कधीही व्याली तरी ते नेहमीचंच. पंचावन्न दिवस उलटल्यावर एक्स-रे काढला तर पिल्लांच्या मणक्यांच्या माळा स्वच्छ मोजता येतात. हा आकडा फार मोलाचा. पाच आहेत हे ठाऊक असेल तर चारांवर थांबलेली ठकी दमून विसावली आहे की अडली आहे, हे तुम्हाला कळेल. ठाऊक नसेल तर रात्रभर नुसता अंदाज. त्याच फेरीत विचारा की रात्री-अपरात्री फोन उचलणारं कोण, आणि शस्त्रक्रियेची सोय कुठे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचा भार जास्त. तुमच्याकडून बहुधा चिपळूण गाठावं लागेल. दापोलीकडचे डॉक्टर ओळखीचे असले तरी दाभोळच्या फेरीबोटीवर रात्रीची भिस्त ठेवू नका. वाडीतल्या एका रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा, आणि आगाऊ काही देऊन ठेवा, म्हणजे तो विसरणार नाही.

आता जागा. शक्य असेल तर ठकीला आणू नका, तुम्हीच रात्री मैत्रिणीकडे झोपायला जा. कुत्री ओळखीच्या वासात निवांत विते. ते जमणार नसेल तर किमान दोन आठवडे आधी तिला आणा, आणि मैत्रिणीचा एक वापरलेला, न धुतलेला गाऊन सोबत मागून घ्या. पडवी मात्र नको. पावसाची झड येते, वाटेवरचे कुत्रे डोकावतात, आणि श्रावणात लाकडाच्या रचलेल्या ढिगात काय बसलं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आतल्या खोलीचा काळोखा कोपरा बघा, कणगीमागे किंवा जिन्याखाली, जिथे घरातली वर्दळ कमी.

खोका तुमच्या घरात पडलेलाच असेल. आंब्याच्या दोन-तीन रिकाम्या पेट्या उसवा, फळ्यांचे खिळे नीट काढा, आणि ठकी पाय ताणून आडवी पडू शकेल एवढा चौकोन करा. एक बाजू ठेंगणी ठेवा, तिला ये-जा करता यावी पण पिल्लू बाहेर लोळू नये. आतून भिंतीच्या कडेने, जमिनीपासून चारेक बोटं वर, एक पट्टी ठोका. आई भिंतीला टेकून पसरली की मागे सापडलेलं पिल्लू त्या फटीत वाचतं. या एका पट्टीने कितीतरी जीव राखले जातात, आणि ती ठोकायला दहा मिनिटं लागतात.

अंथरायला रद्दी. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा जेवढा मिळेल तेवढा. श्रावणात आपल्याकडे धुतलेलं फडकं चार दिवस ओलं राहतं आणि त्याला तो कुबट वास येतो. ओली कुबट फडकी पिल्लांखाली नकोत, म्हणून व्यायच्या रात्री कागदच बरा: भिजला, गुंडाळला, फेकला. मात्र पिल्लं झाल्यावर नुसत्या कागदावर ठेवू नका, त्यांचे पाय घसरतात. वर जुनी सुती चादर. चुलीवरच्या दोरीवर आतापासून पाच-सहा फडकी आणि दोन खरखरीत टॉवेल खडखडीत वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. त्याच पिशवीत उकळलेली कात्री, उकळलेला जाड दोरा, बेटाडीनची बाटली, थर्मामीटर, आणि स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा.

थर्मामीटर कशाला, तर व्यायची वेळ ओळखायला घरच्या घरी कुत्रीचा ताप घेण्यासारखं दुसरं काही नाही. अंदाजे सत्तावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ठकीच्या शेपटीखाली, टोकाला खोबरेल तेल लावून, तापमान घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. एरवी ते १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या घरात असतं. ९९ च्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. त्या दिवशी बाजार, भजन, लग्न, सगळं रद्द.

पुढे ठकी खाणं टाकेल, धापा टाकेल, थरथरेल, एखादी उलटी काढेल, अंथरूण उकरून कागदाच्या चिंध्या करेल. तुम्हाला वाटेल, संपलंच सगळं. काही संपलेलं नाही. हे सहा ते बारा तास चालतं, पहिलटकरणीला जास्तही. या वेळात तिला पाणी दाखवा, मधेच बाहेर लघवीला न्या (बॅटरी घेऊन, पावसाळी काळोखात एखादं पिल्लू तिथेच पडायला नको), आणि बाकी दूर बसा. शेजारणी, मुलं, बघे, कुणीही नको.

मग पोट आवळायला लागेल. कळा जोरात आल्या की पहिलं पिल्लू पाणमोटीसकट (त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या पिशवीसकट) बाहेर येतं: ओलं, काळसर, चमकदार, जणू तेलात बुडवून काढलेलं वांगं. डोक्याकडून येईल किंवा मागच्या पायांकडून. दहातली चारेक पिल्लं पायांकडून येतात आणि कुत्रीत ते वावगं नाही. गाईचा अनुभव इथे लावून घाबरू नका. ठकी पाणमोट फाडेल, नाळ दातांनी तोडेल, पिल्लाला उलटसुलट चाटेल. ते चाटणं इतकं दांडगं असतं की पिल्लू लोळतं. लोळू द्या. त्यानेच त्याचा श्वास लागतो.

पहिलटकरीण कधी गोंधळते आणि बघतच राहते. मनात साठ मोजा. तोवर तिने काही केलं नाही तर तुम्ही नाकाजवळ पाणमोट फाडा, तोंडातला चिकटा बोटाने पुसा, पिल्लू डोकं किंचित खाली ठेवून टॉवेलात धरा आणि पाठ खसाखसा चोळा. पिल्लू हातात धरून झोके देऊन पाणी काढायची पद्धत जुने लोक सांगतात. ती करू नका, त्या हिसक्याने मेंदूला इजा होते. नाळ तुटली नसेल तर पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्याची गाठ, गाठीच्या पलीकडे कात्री, आणि टोक बेटाडीनमध्ये. पिल्लू ओरडलं की लगेच आईपुढे.

प्रत्येक पिल्लामागे वार (जार) पडते. ती ठकी खाईल. एक-दोन खाऊ द्या, बाकीच्या हळूच उचला, नाहीतर जुलाब होतात. पडलेल्या वारा मात्र मोजा. कागदावर दोन रकाने करा: पिल्लू किती वाजता, वार किती वाजता. आकडे जुळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तो कागद दाखवा.

आता उठायचं कधी ते. ठकी जीव खाऊन कळा देते आहे आणि अर्ध्या तासात काही बाहेर नाही, तर उठा. आत पिल्लं आहेत हे माहीत असताना दोन तास उलटले आणि पुढचं नाही, उठा. पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट काळं पाणी गेलं, लगेच उठा. वार आत सुटली आहे, पिल्लाचा श्वास तुटतो आहे. (तेच हिरवं पाणी पहिल्या पिल्लानंतर दिसलं तर ठीक, कुत्रीच्या वारेचा रंगच तो.) तापमान उतरून चोवीस तास झाले आणि कळाच नाहीत, उठा. भळभळ रक्त किंवा घाण वास, उठा. उठा म्हणजे फोन आणि रिक्षा, इंटरनेट नव्हे. पिल्लू अर्धं बाहेर अडकलं असेल तर तेवढ्यापुरतं कोरड्या फडक्याने दोन्ही खांद्यांशी किंवा कमरेशी धरून, कळ येईल तेव्हाच, आईच्या टाचांच्या दिशेने खाली हळू ओढा. एकट्या पायाला धरून कधी नाही. आणि डॉक्टरांनी न सांगता कुणी कळा वाढवायचं इंजेक्शन देऊ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. वाट अडलेली असताना ते दिलं तर आतली पिशवी फाटू शकते.

दुधाचं विचारलंत, तर इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या पहिल्या कुत्रीची सहा पिल्लं होती. पहाटे सगळ्यात लहान पिल्लू घोळक्याबाहेर सापडलं, गार, मऊ, तोंड उघडं. मला वाटलं, भुकेलं आहे. गाईचं दूध कोमट करून, मुलाला पाजतो तसं उताणं धरून ड्रॉपरने पाजलं. दुपारपर्यंत ते गेलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की एका दमात मी तीन चुका केल्या. गार पिल्लाचं पोट चालत नाही, पाजलेलं आत पडून राहतं. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं. आणि गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा चरबी नि प्रथिनं कमी, साखर जास्त.

म्हणून आधी ऊब, मग दूध. पिल्लाच्या तोंडात करंगळी घाला. गार लागली तर ते पिल्लू पोलक्याच्या आत, आपल्या अंगाला लावून बसा. तासाभरात ते वळवळायला लागतं. मग आईच्या मागच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं. पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे. खरवसासाठी आपण जो जपतो त्याच चिकात त्यांची रोगाशी लढायची सगळी पुंजी असते. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते; डॉक्टरांकडे जाल तेव्हाच एक डबा आणून ठेवा. पाजताना पिल्लू पालथं, मान जराशी वर.

पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, कुडकुडताही येत नाही. खोक्याच्या एका कोपऱ्यात तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. एकाच कोपऱ्यात, कारण ठकी केसाळ, तिला उकडलं तर ती उठून जाईल. वर उंचावर बल्ब टांगा, पण लाईट जाणार हे धरूनच चाला. गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवायची सवय करा. पिल्लं एकमेकांवर ढीग करून कुंथत असतील तर थंडी वाजते आहे, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर उकडतंय, आणि माळेसारखी लागून झोपेत फुरफुरत असतील तर तुम्हीही झोपा.

रोज एकाच वेळी वजन. ठकीएवढ्या कुत्रीचं पिल्लू सव्वाशे-दीडशे ग्रॅमचं असतं. पहिल्या दिवशी थोडं उतरेल. नंतर रोज वाढायलाच हवं, आठ-दहा दिवसांत दुप्पट. दिसायला गुबगुबीत असून काटा सलग दोन दिवस हलला नाही, तर ते पिल्लू मागे पडतं आहे. डोळ्यांना हे तिसऱ्या दिवशी कळतं, काट्याला पहिल्याच. पिल्लांना स्वतःहून लघवीही होत नाही, आई चाटते तेव्हा होते. ठकी टाळते आहे असं वाटलं तर पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालच्या बाजूला हळू पुसा. आणि हो, एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात, तेव्हा एक काळं नि एक तांबूस निघालं तर शेजारच्या कुत्र्याच्या चारित्र्यावर चर्चा नको.

बाळंतिणीचा खुराक म्हटला की शेजारणी डिंकाचे लाडू घेऊन येतील. प्रेमाने घ्या आणि तुम्हीच खा. त्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष, जायफळही वाईट. कांदा-लसूण घातलेलं सारही नको. काटे काढलेली मासळी, अंडं, कोंबडीचं मऊ शिजलेलं मांस आणि मऊ भात, दिवसातून चार वेळा, आणि पाणी सतत भरलेलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाईल, घालायला कुचराई नको.

कॅल्शियमचं मात्र ऐका. गाभण असताना 'ताकद यावी' म्हणून कॅल्शियमचं औषध पाजू नका. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतलं कॅल्शियम काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध जोरात असताना ठकी एकदम रिकामी पडते. गाईला होतो तोच हा दुधाचा ताप, फक्त कुत्रीत तो व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी येतो, आणि लहान चणीच्या कुत्र्यांना जास्त. ती अस्वस्थ होईल, धापा टाकेल, पाय ताठ करून चालेल, अंग थरथरेल, मग झटके. थरथर दिसली की पिल्लं बाजूला आणि ठकी थेट डॉक्टरांकडे. शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुधा तिथल्या तिथे बरी होते. उशीर केला तर जाते. सडांवरही रोज हात फिरवा. एखादं गरम, कडक, लालसर लागलं तर तेही दाखवा. तांबूस-तपकिरी स्राव दोन-तीन आठवडे असतो, त्याची काळजी नको. वास आला तर करा.

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. बोटांनी उघडायला जाऊ नका. दोन आठवडे झाले की जंताचं पहिलं औषध, मग दर दोन आठवड्यांनी. जंत आईच्या पोटातून आणि दुधातूनच येतात, आणि मुलांनाही होऊ शकतात, म्हणून हात धुणं आलंच. तीन आठवड्यांपासून ताटलीत पातळ मऊ भात आणि मांसाचा गोळा कालवून ठेवा. पहिल्या दिवशी पिल्लं त्यात चालतील, खाणार नाहीत.

आणि गणपती. तुमच्या हिशोबाने तेव्हा पिल्लं महिन्याची असतील, म्हणजे सगळ्यात गोजिरी, आणि त्याच आठवड्यात ठकीला दुधाच्या तापाचा धोका. म्हणजे आरतीच्या गडबडीत ठकीकडे बघणारं एक माणूस ठरवून ठेवा. खोका फटाक्यांच्या आवाजापासून लांबच्या खोलीत हवा. मुंबईच्या मुलांना बसून पिल्लं हाताळू द्या. या वयात माणसांची सवय लागलेली चांगलीच. पण चपला खळ्यात, हात धुतलेले, आणि एका वेळी दोनच मुलं. पिल्लांना लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते, तोवर पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू, चपलेच्या तळव्यालाही चिकटून येतो. पंचखाद्यातली किसमिस खाली सांडणार नाही हे बघा.

गौरी गेल्यावर कुणीतरी नक्की म्हणेल, 'हे काळं आम्ही नेतो, गाडीत जागा आहे.' नाही म्हणा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्राच्या २०१७ च्या नियमांतही बंदी आहे, आणि फुकट दिल्याने पिल्लाचं वय वाढत नाही. हवंच असेल त्यांना तर दिवाळीला या म्हणावं. शिवाय पिल्लं तुमची नाहीत, मैत्रिणीची आहेत. नकार द्यायला हे कारण फार सोयीचं पडतं.

ता. क. मुंग्या राहिल्या. व्याल्याच्या वासावर काळ्या-तांबड्या मुंग्या रात्रीत रांग लावतात आणि पिल्लाला हलताही येत नाही. खोक्याखाली चार विटा, आणि प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत. मुंग्यांचा खडू ओढू नका, ठकी तो चाटेल. ताटल्यांतलं पाणी रोज संध्याकाळी बघा. ठकी तेही पिऊन टाकते.